पाठमोरी मांजर

विजयमाला गेली हे संपतला मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता कळलं. घरी मात्र तो पावणेबारालाच आला होता.

खडकी बाजारातून कुकरची रिंग घेऊन तो आला, दारात चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. विजयमाला धान्याच्या डब्याला खांदा टेकवून, दाराकडे पाठ करून बसली होती. मेथी निवडायला घेतलेली. जागा आधीच चिंचोळी, त्यात तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वर्तमानपत्र पसरलं होतं.

संपतनं हाक मारली नाही. त्याला कारण होतं. एकतीस वर्षं त्यानं दारूगोळ्याच्या कारखान्यात, बाँबमध्ये दारू भरायच्या खात्यात काढली होती. काम करणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही, ही तिथली रीत. माणूस दचकला तर हातातलं सुटतं. ज्याच्याशी बोलायचं त्याला वळसा घालून समोर जायचं, दिसेल असं उभं राहायचं आणि त्यानं मान वर केली की मग बोलायचं. ही सवय संपतबरोबर घरीही आली. लग्नानंतर पहिल्या वर्षी विजयमाला हसायची. "अहो, मी काय बाँब आहे का?" पुढं तिच्याही अंगवळणी पडलं. पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटलं की ती आपणहून वळायची.

त्या दिवशी ती वळली नाही. समोर जायचं तर मेथी तुडवावी लागली असती. संपत बाहेरच्या खोलीत जाऊन कॉटवर बसला. पेपर वाचला. शेवटच्या पानावरच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. साडेबाराला पाणी प्यायला उठला, तेव्हा ती तशीच बसलेली दिसली. मग मात्र तो मेथीवरून पलीकडे गेला आणि त्यानं तिचा चेहरा पाहिला.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी नव्हतं का?"

"मी बाजारात गेलो होतो," संपत म्हणाला.

"अर्धा-पाऊण तास तरी झाला असेल," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तेच वाक्य संपतनं मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. मी बाजारात गेलो होतो. ते खोटं नव्हतं. पुढचं तेवढं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

सव्वा महिन्यानं त्याची मुलगी शालू कोथरूडहून मांजर घेऊन आली. भाजीच्या पिशवीत, वर ओढणी बांधलेली. राखाडी रंगाची, सहा-सात महिन्यांची मांजर होती.

"अप्पा, तुम्हाला सोबत. नाव तुम्हीच ठेवायचं."

"तूच ठेव की."

"मी ठेवून काय उपयोग? हाका तुम्ही मारणार."

शालूनं ते सहज म्हटलं. संपत मात्र पिशवीची गाठ सोडता सोडता थांबला.

आठवडा गेला, नाव काही ठरेना. शेजारच्या मथुराबाई रोज सकाळी दळण घेऊन जाताना डोकवायच्या.

"काय संपतराव, भटजी बोलवायचा हाय का बारशाला?"

"विचार करतोय."

"मांजराला कसला आलाय विचार! मनी म्हणा, मोकळे व्हा. समद्या मांजरांचं नाव मनीच असतंय. त्यांना कुठं रेशनला उभं राहायचंय!"

संपत हसला. पण नाव सुचत नव्हतं असं नाही, नावं पुष्कळ होती. नाव ठेवलं की हाक मारावी लागणार, आणि मांजरीनं बसायला जागा निवडली होती ती नेमकी स्वयंपाकघरातली, धान्याच्या डब्याजवळची. दाराकडे पाठ करून ती बसायची. मांजरं उन्हात लोळतात, दोरीशी खेळतात. ही भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिचा कानसुद्धा हलायचा नाही. संपत उंबऱ्याशी उभा राहून ती वळायची वाट बघायचा. पहिल्या दिवशी ती पाच मिनिटांत वळली. नंतर दहा मिनिटं लागली. शुक्रवारी त्यानं घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा सव्वीस मिनिटं झाली. वळली की ती त्याच्याकडे बघायची आणि मग त्याच्या अंगावरून नजर काढून बाहेरच्या कॉटकडे बघायची.

त्यानं डबा उचलून मोरीजवळ नेला. दुसऱ्या दिवशी मांजर मोरीजवळ, डब्याला अंग टेकवून बसलेली.

शनिवारी संपतनं मोरीचा नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात नावं म्हणून पाहिली. मनी. चिंगी. ठमी. आवाज घोगरा येत होता. चौथं नाव तोंडातून बाहेर पडलं ते 'विजू'. हे नाव त्यानं छत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यानं नळ बंद केला. मांजर मागं उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. ती केव्हा आली, त्याला कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून तिनं दुधाला तोंड लावलं नाही.

रविवारी शालू आली. वाटी तशीच भरलेली पाहून म्हणाली, "खात नाही का ही? आणि नावाचं काय झालं?"

"ठमी," संपत म्हणाला. "तू लहान असताना तुझी आई रागावली की तुला ठमे म्हणायची."

शालूचे डोळे भरून आले. "छान आहे. मारा बघू हाक."

मांजर आत बसली होती, पाठमोरी. संपत उंबऱ्याशी गेला. नेहमीसारखा ती वळायची वाट बघत उभा राहिला.

"काय अप्पा, मांजराला लाजता होय?" असं म्हणत शालूनं मागून जोरात टाळी वाजवली. मांजर वळली. टाळी शालूनं वाजवली होती, पण मांजरीनं पाहिलं ते संपतकडे.

शालूचं हसू विरलं. ती बराच वेळ मांजरीकडे आणि मग बापाकडे बघत राहिली.

"अप्पा, त्या दिवशी तुम्ही बाजारातून आलात. आईला हाक मारली होती ना?"

"मारली होती."

"मग?"

"मग काय. तिनं ओ दिली नाही."

शालूनं मान हलवली. जाताना म्हणाली, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर डॉक्टरकडे नेऊ या. मी फोन करते."

आज सोमवार आहे. सकाळचे अकरा वाजले आहेत. दुधावर साय धरली आहे आणि सायीवर मुंग्या. मांजर साडेनवापासून डब्याला टेकून बसली आहे, दाराकडे पाठ करून. मघाशी तिची पाठ श्वासानं वर-खाली होताना दिसत होती. आता दिसते की नाही, हे संपतला उंबऱ्यावरून नीट कळत नाही. जमिनीवर काही पसरलेलं नाही. दोन पावलं टाकली तर समोर जाता येईल. पण समोर गेलं की डोळे बघावे लागतील.

बाहेरच्या खोलीत फोन वाजतो आहे. मथुराबाई भिंतीपलीकडून ओरडतात, "संपतराव, अवो फोन!" तो जागचा हलत नाही. फोन वाजून वाजून थांबतो.

मांजरीचं नाव ठरलं आहे. शालूला खरं सांगायचं राहिलं आहे, आणि मांजरीला हाक मारायची राहिली आहे.