आपापला पेला

यंदाच्या कोजागिरीले कॉलनीत प्लास्टिकचा एक कप दिसणार नाही, असं मी सगळ्याइपुढं छातीठोक सांगून बसली होती. पुढं पुढं कराची खाजच मोठी मले!

त्याले कारणही झालं होतं. मागल्या वर्षी दूध पिऊन लोकाइनं कप नालीत फेकले, अन् थोड्याच दिवसात देवीलाल गवळ्याची गाय पोट फुगून मेली. डॉक्टरनं पोट फाडलं तं आत आमचेच कप. जिचं दूध प्यालो, तिलेच मारलं आमी.

त्यात कापसाची ही अशी वर्षं. सकाळी पेपर उघडाची भीती वाटे, रोज कोण्या ना कोण्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी. मीटिंगीत आमच्या कॉलनीचे अध्यक्ष नरहरकाका म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात गावोगावी लोक दुःखात आहेत, आणि आपण कसली रोषणाई करायची? यंदा हॅलोजन नको, जनरेटर नको. चांदणं पुरे."

मी ताडकन उठली. मीटिंगीत मी शुद्ध बोलते बरं का, वऱ्हाडी घरी ठेवून येते. म्हणलं, "आणि कपही नकोत. ज्याने त्याने घरून आपापला पेला आणायचा." टाळ्या पडल्या. शेजारच्या सुमेधावहिनी म्हणाल्या, "दीपा, तुझं डोकं म्हणजे ना!" मी तं हवेतच. माईकवर बोलाचं कामही मलेच दिलं.

मंग वाटलं, बाले बोलवावं. माहा बा, उकंडा, घाटंजीजवळच्या खेड्यात राह्यते. जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलून उचलून त्यानं मले शिकवलं. अन् मी? त्याले घरी बोलावून जमाना झाला होता. दिवाळीले बोलावू, उन्हाळ्यात बोलावू, असं म्हणत राह्यली. आता पोरगी माईकवर बोलताना पाहीन, लोकं तिले मान देताना पाहीन, तं बुढा खूश होईन, एवढंच मनात होतं.

गावातल्या किराणा दुकानात फोन लावून त्याले बोलावून घेतलं. दुकानदाराले घाई, मलेही घाई.

"बा, कोजागिरीले ये. अन् येतानी आपला पेला घेऊन येजो."

"आपला पेला?" त्यानं इचारलं. "हाव, आपलाच," म्हणलं मी.

"आणतो," म्हणे.

कोजागिरीच्या दिवशी माहा नवरा, संघदीप, त्याले आणाले एसटी स्टँडवर गेला अन् हात हालवत वापस आला. म्हणे, गाडी लागली, पण मामा काही दिसले नाही. इकडं कार्यक्रमाची वेळ झाली होती. मैदानात टिपूर चांदणं पडलं होतं, फक्त कोपऱ्यातल्या लिंबाखाली अंधार होता. लोकाइनं चपला तिथंच काढल्या होत्या. मी माईक हातात घेतला, पर्यावरणावर छान छान बोलली, अन् बोलता बोलता बाले शोधत राह्यली. नाही दिसला. वाईट वाटलं. अन् खोटं काहून बोलू, जरासं हलकंही वाटलं. त्याचं ते मळकं धोतर, ते मोठ्यानं बोलणं, अन् समोर नरहरकाका बसलेले. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय!

मंग दुधाची किटली घेऊन वाटाले निघाली. कोणाचा स्टीलचा पेला, कोणाचा काचेचा, लहान पोराइच्या हातात तं चांदीचे. वाटत वाटत लिंबापाशी आली. चपलाइच्या बाजूले कोणीतरी एकटाच उकिडवा बसला होता. त्यानं पेला जमिनीवर ठेवला, पुढं सरकवला, अन् हात मागं घेतला.

"हातात धरा ना काका, सांडेल," मी म्हणलं.

"वरून टाक, दीपमाला," तो हळूच बोलला. "लोकं पाहून राह्यले."

बा होता.

मी किटली खाली ठेवली. पेला मी ओळखला. जर्मनचा, म्हंजे अॅल्युमिनियमचा, काठ चेपलेला. बाच्या जवानीत गावच्या हॉटेलात आपल्या लोकाइचे पेले बाहेर ठेवत. चाय वरून टाकत, शिवाशिव नको म्हणून, अन् पेला ज्याचा त्यानं विसळून पालथा घालाचा. हे त्यानंच मले लहानपणी सांगतलं होतं. तरी फोनवर माह्या डोक्यात आलं नाही. वा रे माहं डोकं!

"बा! इथं काहून बसला तू?"

"तूच तं सांगतलं, आपला पेला आण म्हणून. मी समजलो. म्हणून स्टँडवर जवाईबापूले चुकवून आलो. तुले या लोकाइत राहा लागते, पोरी. माह्यं काय, मी कुठंही बसतो."

"अरे, सगळ्याइलेच सांगतलं मी! प्लास्टिक नको म्हणून! पाय ना, सगळ्याइच्या हातात घरचाच पेला हाये."

त्यानं मान वर करून मैदानाकडं पाह्यलं. "हाव काय?" म्हणे. "मंग ठीक हाये." पण उठला नाही.

तेवढ्यात सुमेधावहिनी आल्या. "दीपा, कोण गं हे?"

मी तोंड उघडाच्या आधी बाच बोलला, "कोणी नाही, बाई. रस्त्यानं चाललो होतो. दूध दिसलं, बसलो."

अन् मी गप राह्यली. एक घोट गिळाले लागते तेवढाच वेळ, पण राह्यली. तेवढ्यात बानं माह्याकडं पाह्यलं. मंग मी म्हणलं, "माझे वडील आहेत."

"अगं बाई! मग इथे काय बसवलंस त्यांना? चला बाबा, पुढे चला," म्हणून वहिनीनं त्याचा हात धरून उठवलं. जे मी कराले पाह्यजे होतं, ते त्याइनं केलं. तिकडं नरहरकाका माईकवर सांगून राह्यले होते, "मैदानात एकही कप नाही! याचं सगळं श्रेय दीपाताईंचं!" लोकं टाळ्या वाजवत होते, अन् मले वाटे, धरणीनं पोटात घेतलं तं बरं.

घरी आल्यावर राहावलं नाही. रागच आला, त्याच्यावर का माह्यावर, कोण जाणे.

"बा, तुले असं वाटलंच कसं? तुह्यी पोरगी तुले तसा पेला आणाले सांगन?"

बा पेला पुसून पिशवीत ठेवत होता. त्यानं बैठकीतल्या भिंतीकडं पाह्यलं.

"मागल्या खेपी आलतो, तं बाबासाहेबाचा फोटो इथून आतल्या खोलीत गेलता," म्हणे. "मी काही बोललो नाही. म्हणलं, पोरीनं त्याइलेच आत ठेवलं, तं आपल्याले बाहेर बसाची कायची लाज?"

मीही तिकडं पाह्यलं. भिंतीवर खिळा अजून तोच होता. त्याच्यावर मी बँकेचं कॅलेंडर टांगलं होतं.