राखाडी शर्टातली फळी

मी एक जुनी इस्त्रीची फळी आहे. ज्या दुकानातून मी आले, तिथला माणूस मला इस्त्रीचं टेबल म्हणायचा. म्हणू दे. टेबलाला कुणी कपडे घालत नाही, मला घालतात. माणसाच्या अंगात जाण्याआधी प्रत्येक शर्ट माझ्या अंगात येऊन जातो. हा मान घरात दुसऱ्या कुणाला नाही, कपाटालासुद्धा नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. वर जाळीचा पत्रा, त्यावर स्पंजाचा थर, त्यावर सुती अभ्रा आणि खाली दुमडून ठेवता येतील असे पाय. एका टोकाला मी निमुळती आहे, शर्ट तिथूनच चढवतात. कपडा छान झाला की लोक म्हणतात, इस्त्री छान झाली. भाजून मी घेते आणि नाव तिचं होतं. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

मित्रांनो, ज्या घरात मी आले तिथे तीन माणसं होती. एक आई, तिचा मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानेच मला खांद्यावरून घरी आणलं. माझा एक पाय डुगडुगत होता, तर त्याने कामावरून रबराची टोपी आणून त्याला बसवली. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कपड्यांचं खातं मात्र आईचं. दर रविवारी दुपारची भांडी आवरली की आई मला खिडकीपाशी उभं करायची आणि आठवड्याचे कपडे काढायची. तिच्या हाताखालून गेलेल्या कॉलरीचं शेजारीपाजारी कौतुक व्हायचं. सुनेने एकदा इस्त्रीला हात लावला, तर आई म्हणाली, "असू दे, तू दमून येतेस." प्रेमाने म्हणाली की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलाचे शर्ट मी डोळे मिटून ओळखायचे. हत्यारांची पिशवी डाव्या खांद्यावर घ्यायची सवय, त्यामुळे कापड त्या बाजूला ओघळलेलं असायचं. कोपरांत चुण्या, बाहीला वंगणाचा न जाणारा डाग. इस्त्री हे सगळं सपाट करायची आणि पुढच्या रविवारी सगळं परत आलेलं असायचं. त्यावरून मला कळायचं, स्वारी ठणठणीत आहे.

मग एके दिवशी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. चांगला हिंडताफिरता माणूस, घरात कुणाला सावध व्हायलाही वेळ मिळाला नाही.

मला वाटलं, आता काही दिवस आपल्याला उभं करणार नाहीत. पण रविवार आला आणि आईने मला खिडकीपाशी आणलं. त्याचे सगळे शर्ट कपाटातून काढले, एकेक करून माझ्या अंगात घातले, इस्त्री केली, घड्या घातल्या आणि परत कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शर्ट जसे जात तसेच परत येत. ना चुणी, ना डाग, ना ओघळलेला खांदा. कापड गार असायचं. ते अंगात आलं की माझा पत्रा शहारायचा. घालणारा नाही आणि शर्ट मात्र दर रविवारी तयार. सून दारात उभी राहून बघायची आणि आत जायची.

असं वर्ष गेलं. खालच्या मजल्यावर एक शिवणवर्ग होता. रविवारची दुपार घरात काढणं नकोसं झालं, म्हणून सून तिथे जाऊ लागली. तिने गोधडीचा एक किट आणला. फुलाफुलांचे चौकोन आयते कापलेले, सोबत इस्त्रीच्या उबेने चिकटणारं अस्तर आणि सूचनांची पुस्तिका. खोक्यावरच्या चित्रातली गोधडी इतकी देखणी होती की जणू ती आपोआपच होणार. पण चित्र काढणाऱ्याला शिवावं लागत नाही. सुनेने अस्तर उलटं ठेवलं आणि त्याचा सगळा डिंक इस्त्रीच्या बुडाला लागला. इस्त्रीचं तोंड काळं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शिवणवर्गाच्या बाई वर येऊन गेल्या. म्हणाल्या, "बोट फिरवून बघ. खरखरीत लागते ती डिंकाची बाजू, ती कापडाकडे. आणि इस्त्री ओढायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची." सूनबाई शिकली. तिचे कोपरे काही केल्या जुळत नसत, पण इस्त्रीला पुन्हा डिंक लागला नाही. पहिला किट संपला तेव्हा त्यातून जेमतेम पाय झाकतील एवढी गोधडी निघाली. ती स्वतःशीच हसली. वर्षभरात मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं.

मग तिने दुसरा किट आणला. हा जुन्या कपड्यांपासून गोधडी करायचा होता. त्यात अस्तराच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक साधी, झिजलेल्या कापडाला मागून बळ देणारी. दुसरीच्या एका अंगाला कागद होता. तो सोलला की ती दोन्ही बाजूंनी चिकटते, म्हणून ती ठिगळाची नक्षी जोडायला. खोकं माझ्यावर ठेवून ती आईला म्हणाली, "आई, शर्ट नुसते कपाटातच आहेत. त्यांची एक गोधडी करू का?"

आईने तिच्याकडे पाहिलं. "तुकडे करायचे त्याचे?"

"शर्टांचे, आई."

"तेच ते."

खोकं पलंगाखाली गेलं.

पण मित्रांनो, कापडालाही आयुष्य असतं. न घालता नुसत्या इस्त्रीनेच ते शर्ट विरत चालले होते. मला सगळ्यांत आधी कळलं, कारण त्यांच्यातून मला खिडकीचा उजेड दिसू लागला होता. एका रविवारी राखाडी शर्टाचा खांदा इस्त्रीखाली टर्रकन फाटला. आई खुर्चीत बसली. हातातली इस्त्री तिने बराच वेळ खाली ठेवली नाही. सून शिवणवर्गातून वर आली तेव्हा म्हणाली, "तुझं ते अस्तर आतून लावून दे याला. पण कात्री लावायची नाही."

शर्ट उसवल्याशिवाय, उलगडल्याशिवाय त्याला अस्तर लावायचं म्हणजे अवघड काम. पण सासूने वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या हातात त्याचा शर्ट दिला होता. सुनेने तो आधी नाकाशी धरला. त्याला साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. मग तिने तो बटणं लावून माझ्या अंगात चढवला, पलंगाखालून खोकं ओढलं आणि डोळे पुसत हाताला लागली ती गुंडाळी घेतली. कागद सोलला, तुकडा फाटलेल्या खांद्यापासून छातीपर्यंत शर्टाच्या पुढच्या भागाखाली सरकवला, बोटाने खरखरीत बाजू तपासली. वर खरखर लागली. खाली काय आहे, ते तिने बघितलं नाही. मग ठेवली, दाबली, उचलली. इतकं नेटकं काम तिच्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं.

कागदवाली गुंडाळी होती ती. तुकडा वर शर्टाला चिकटला तसाच खाली माझ्या अभ्र्यालाही चिकटला. गार झाल्यावर सुनेने तो काढायला घेतला, तर शर्टाबरोबर मीच उचलली गेले. तिने जोर लावला. एक टाका तुटल्याचा आवाज आला.

"ओढू नकोस," आई म्हणाली. "त्याला लागेल."

त्या दिवशी मला शर्टासकट दुमडून कोपऱ्यात उभं केलं. निमुळतं टोक वर, त्यावर कॉलर, दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या बाह्या. मित्रांनो, भुतांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. पण ज्याला भूत व्हावं लागलं त्याने सांगितलेली गोष्ट क्वचितच ऐकली असेल. मला कुणाला घाबरवायचं नव्हतं. मी नुसती उभी होते. पण सोमवारी संध्याकाळी सून कामावरून आली, दार उघडलं आणि कोपऱ्यात तिला तो उभा दिसला. तिचा चेहरा एकदम उजळला. दिवा लावला तेव्हा तो उजेड गेला. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. कळत असूनही दारातल्या त्या एका क्षणात ती फसायचीच, आणि फसवणारी मी असायचे.

आईचं निराळंच झालं. तिने आपली खुर्ची माझ्याशेजारी आणून ठेवली. आधी ती शर्टाची बाही हातात धरून नुसती बसायची. मग बोलू लागली. आज लाइट गेली होती, लिफ्ट बंद होती, तू असतास तर अशी वेळ आली नसती. पुढे पुढे तर ती विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. त्या थांबण्यात माझा जीव गुदमरायचा. पत्र्याला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की बाई, आत कुणी नाही. ती घराबाहेर पडेना. तो एकटा कसा राहील, असं शेजारणीला सांगायची. जेवण अर्ध्यावर टाकून उठायची. मोठ्या हाडाची बाई, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

एका संध्याकाळी सुनेच्या हातून पेला पडला. आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू गं. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

सून जिना उतरून शिवणवर्गाच्या बाईंकडे गेली. परत आली ती ओलं फडकं आणि ठरवलेलं मन घेऊन. ऊब दिली की डिंक सैल होतो, असं बाईंनी सांगितलं होतं. तिने मला उघडून उभं केलं, इस्त्री तापवली, फडकं शर्टाच्या छातीवर पसरलं.

आई मध्ये आली. "भाजेल तो."

"आई, बाजूला व्हा."

"तुला काय त्याचं."

सुनेने इस्त्री उभी ठेवली. तिचा आवाज मुळीच चढला नाही. "मला काय त्याचं? मी त्याच्या शेजारी झोपत होते, आई. त्याचं अंग कसं होतं ते मला ठाऊक आहे. हे ते नाही. सगळे शर्ट तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला. माझ्याकडे त्याचा एक रुमालही नाही. मी कधी मागितला नाही, कारण तुम्ही आई आहात. पण तो गेला तेव्हा माझाही गेला. आता तुम्हीही चाललात, तर मी या घरात कुणासाठी येऊ?"

आईने शर्टाची खालची कड उचलली आणि हात आत घातला, आजारी मुलाचा ताप बघायला घालतात तसा. तिची बोटं माझ्या पत्र्याच्या जाळीवरून फिरली. मी गार होते. मित्रांनो, मला तेव्हा ऊबदार व्हावंसं वाटलं. एवढं खोटं बोलायची संधी पुन्हा मिळाली नसती. पण इस्त्री अजून माझ्यावर टेकलेली नव्हती आणि मी जी आहे तीच राहिले. तिने नखाने जाळीवर टकटक केलं. पत्रा वाजला.

बराच वेळ तिचा हात आतच होता. मग तो बाहेर काढून ती म्हणाली, "कात्री आण."

तिनेच कापलं. आधी बाह्या, मग कॉलर, मग खाली लोंबणारी पाठ. एकेक तुकडा ती सुनेच्या ओंजळीत ठेवत गेली. छातीचा भाग, खिशासकट, माझ्यावरच राहिला. तो सोडवायला गेलं असतं तर चिंध्या झाल्या असत्या. मग तिने किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सगळ्या घड्या आणून माझ्यावर रचल्या. "हे तू कर. मला बघवणार नाही." ती स्वयंपाकघरात गेली आणि कात्रीचा आवाज येऊ नये म्हणून तिने नळ सोडला. पाणी कितीतरी वेळ वाहत होतं. टाकी रिकामी झाली तेव्हा नळ आपोआप बंद पडला. मग ती बाहेर आली, सुनेच्या समोर बसली आणि म्हणाली, "वाकडं कापतेयस. थांब, मी धरते."

गोधडी झाली. कोपरे अजूनही जुळले नाहीत. आईने ती स्वतः सुनेच्या पलंगावर पसरली आणि हात फिरवून सारखी केली. सून म्हणाली, "आई, तुम्ही घ्या." आई म्हणाली, "मला नको, मला उकडतं." हिवाळ्याचे दिवस होते.

माझ्यावर आता नवा अभ्रा आहे. त्याखाली तो राखाडी तुकडा अजून आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचं काही मागे राहिलं असेल, तर ते एकाच्याच कपाटात कोंडू नका. वाटून घ्या, अंगावर घ्या, वापरा, फाटू द्या. आणि आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना कुणाची जागा घ्यायला लावू नका. आम्हाला ते पेलत नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. इस्त्री तापली की अभ्र्याखालचा तो डिंक थोडा सैल होतो. मग कापड किंचित सरकतं, कुणीतरी कूस बदलावी तसं. तो डिंक आहे, हे मला समजतं. पण बहुधा त्या दोघींनाही ते हाताखाली जाणवत असावं. कारण काम संपलं, इस्त्री बंद झाली, तरी मला लगेच कुणी दुमडत नाही. दोघींपैकी जी असेल ती माझ्यावर हात ठेवून उभी राहते, कितीही घाई असली तरी, मी पुरती गार होईपर्यंत.