मुकुटाखालची शिंगं

थुंकीनं देव साफ होतात, हे ऐकून लोक नाक मुरडतात. मुरडू देत. जुन्या रंगावरची काजळी काढायला माणसाच्या लाळेसारखं दुसरं काही नाही. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा, हलकेच फिरवायचा, काळा झाला की फेकायचा. वीस वर्षं मी हेच करते आहे. मला किळस येते ती लाळेची नाही, माणसांची.

आत्याच्या चर्चमधल्या मेरीआईच्या मूर्तीचं काम मला तिच्यामुळेच मिळालं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाळीस वर्षं ती दर शनिवारी स्टुलावर चढून ही मूर्ती पुसते. मांडीवर बाळ घेऊन बसलेली दगडी आई, अंगावर निळ्या रंगाचे थरावर थर, डोक्यावर प्लास्टरचा मुकुट. त्यावर मेणाचे ओघळ, चिकट काजळी, आणि मुकुटामागच्या फटीत उंदरांच्या लेंड्या. मी नाकाला रुमाल बांधून कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी तो कुजका मुकुट माझ्या हातातच निघून आला. आत शिंगं होती. गाईसारखी दोन दगडी शिंगं, आणि मधे सूर्याची तबकडी.

काही वेगळं सापडलं की फोटो काढून जाणत्या माणसाला पाठवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. तेवढी रीत मी पाळली आणि तिथंच चुकले. कॉलेजातले प्राध्यापक दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्यासकट हजर झाले.

"ही आयसिस, जुन्या इजिप्तची देवी," ते मला म्हणाले, पण आवाज अख्ख्या चर्चला ऐकू जाईल इतका. "कधीकाळी कुठल्या तरी जहाजातून इथं आली असणार. मांडीवर तिचा मुलगा. नवरा मारला गेला, हिनं त्याला पुन्हा उठवला. मेरीच्या कितीतरी शतकं आधी लोक हिच्यापुढे दिवे लावत होते. सगळं उचललेलं आहे, बाई. नुसता रंग बदलला."

आणि गुडघे टेकून बसलेल्या आत्याकडे बघून ते हसले. दातांत सकाळच्या न्याहारीचं काहीतरी अडकलेलं होतं. त्यांचं म्हणणं बरंचसं खरंही असेल, पण ते हसू मी अजून विसरलेले नाही.

फादर त्यांच्या वरताण निघाले. फोटो पेपरात आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "रविवारी बिशप येताहेत. शिंगं काढून टाका. नाहीतर मूर्ती तळघरात जाईल."

"फादर, दगड आहे तो. एकदा कापला की कापला."

"मग बरंच झालं. प्रश्नच मिटला."

"श्रद्धा काय शिंगांनी बुडणार आहे?"

ते हाताला क्रीम चोळत होते. बोटं एकेक करून, सावकाश. "आणखी चार चर्चची कामं निघणार आहेत," ते गोड आवाजात म्हणाले. "मी तुमचंच नाव सुचवणार होतो."

परत पहिल्यासारखं करता येणार नाही असं काही करायचं नाही, हा आमचा पहिला नियम. शिकायला येणाऱ्या मुलींना मी तो दटावून सांगते. शुक्रवारी दुपारी मी चर्चचं दार आतून लावून घेतलं आणि ग्राइंडर चालू केला. आत्यासाठी करतेय, असं मनाला बजावत होते. मूर्ती तळघरात गेली तर ती पुसणार काय? साफ खोटं. मनानं मी केव्हाच त्या चार चर्चमध्ये शिड्या लावून बसले होते. दगडाची पूड तोंडात गेली. दहा चुळा भरल्या तरी दातांतली कचकच जाईना. मग जुन्याच मापाचा नवा मुकुट बसवला, मागच्या फटीसकट.

शनिवारी आत्या आली. एका हातात ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली. दुसरा हात न बघताच मूर्तीच्या डोक्यामागे गेला, फटीत शिरला आणि आत चाचपडत राहिला. स्टूल हललं. मी धावत जाऊन तिचं कोपर धरलं.

"इथं धरायला होतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या शनिवारपासून. त्यालाच धरून तर चढते मी."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आपल्याआधी कुणाची तरी आई असेल ती. मांडीवर मूल आहे ना? मला तेवढं पुरे होतं."

ती खाली उतरली आणि तिनं माझे हात बघितले. नखांत पांढरी पूड होती. तिनं खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि लहानपणी पुसायची तशी माझी नखं एकेक करून पुसू लागली.

"फादर तुला सांगत होते ते ऐकलं होतं मी," ती पुसता पुसता म्हणाली. "म्हटलं, आपली भाची आहे, ती नाही म्हणेल."

पूड निघाली नाही. मी हात मागे ओढून घेतला.