अण्णा, ऐकू यायलंय का?

मी एक जुना बाहुला आहे. खेळण्यातला नव्हे. चांगला पुरुषभर उंचीचा, तागाच्या पोत्याचा, आणि उचलायला दोघं लागतात इतक्या वजनाचा. माझे डोळे मिटलेलेच शिवले आहेत. त्यामुळे मित्रांनो, मी आजवर काहीही पाहिलेलं नाही. जे सांगणार आहे ते कानांनी ऐकलेलं आणि छातीवर टेकलेल्या तळहातांतून कळलेलं आहे. त्यातलं थोडंफार स्वप्नातलंही असेल. मिटल्या डोळ्यांना ते वेगळं काढता येत नाही.

माझं काम निपचित पडून राहण्याचं. हसू नका. आजवर दर रविवारी मी पंधरा-वीस वेळा मेलोय आणि लोक मला वाचवायला शिकलेत.

माझा जन्म बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीचा, हायवेवरच्या ज्ञानोबांच्या टायरच्या दुकानातला. त्याच्या आदल्या वर्षी दुकानासमोर एक मोटारसायकलवाला पडला होता. भोवती हीऽ गर्दी. कुणी वारा घातला, कुणी नाकाला कांदा लावला, कुणी मोबाईलवर फोटो काढले. नेमकं काय करायचं ते मात्र एकालाही ठाऊक नव्हतं, ज्ञानोबांनाही नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो गेला. पुढे कित्येक दिवस ज्ञानोबांना घास गोड लागेना. शेवटी ते बीदरला हेमावतीअक्कांकडे गेले. अक्का सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स.

"डॉक्टर येईपर्यंतचा टाईम आपला हाय, अक्का," ज्ञानोबा म्हणाले. "तेवढं शिकवा आमाला."

त्या एका वाक्यावर धीर प्रथमोपचार मंडळ उभं राहिलं. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, दोन रिक्षावाले, असे सतरा जण. औषध द्यायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, डॉक्टरकी मिरवायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. रक्त थांबवायचं, मोडलेला हात बांधायचा, श्वास थांबला तर छाती दाबत राहायचं आणि घाबरलेल्या माणसाजवळ बसायचं. गावोगाव जाऊन हेच शिकवायचं. समोर कोण बसलंय ते बघून अक्का बोलता बोलता मराठीतून कन्नडमध्ये जातात, तिथून दखनीत, आणि कुणाला ते जाणवतही नाही.

पण जिवंत माणसाच्या छातीवर तसा सराव करता येत नाही. बरगड्या मोडतील. म्हणून गावात शिवणकाम करणाऱ्या अंबिकानं मला शिवलं. पोटात चिंध्या आणि वाळू, छातीत जुन्या स्कूटरच्या सीटची स्प्रिंग. पुरेसं खोल दाबलं की ती आत टिक करते. डोळे उघडे ठेवले तर लेकरं भितील, म्हणून अंबिकानं काळ्या दोऱ्यानं ते मिटवून टाकले. आणि नाव? पडलेल्या माणसाचा खांदा थोपटून आधी हाक मारायची असते, "अण्णा, ऐकू यायलंय का?" ती हाक ऐकता ऐकता अण्णा हेच माझं नाव पडलं.

ऐकू येतं, मित्रांनो. चांगलं ऐकू येतं. उत्तर तेवढं देता येत नाही.

किती हात आले माझ्या छातीवर! शाळकरी पिंकीचे हात गार आणि घामेजलेले. जनवाड्याच्या शेतकऱ्यांचे एवढे दणकट की माझी शिवण उसवायची आणि अक्का रागवायच्या. वर्ग सुटला की मी सतरंजीवर एकटाच पडून असायचो. दिवसभराचे सगळे हात तेव्हाही छातीवरच आहेत असं वाटायचं. मग वाटायचं, एखाद्या हाकेला आपण खरंच उठून बसावं आणि म्हणावं, व्हय, ऐकू यायलंय.

मधे साथीची वर्षं आली आणि वर्ग बंद पडले. मला टायरांच्या ढिगामागे टाकलं. धूळ चढली, एक कान कुरतडला गेला. उंदरीण माझ्या पोटात व्याली. तुम्हाला किळस येईल, पण मला तसं वाटलं नाही. चिंध्यांत पाच इवल्या छात्या धडधडत होत्या. माझ्या आत तसं काही पहिल्यांदाच हलत होतं. पिलं मोठी होऊन निघून गेली तेव्हा मी पुन्हा पोकळ झालो.

वर्ग परत सुरू झाले. गेल्या वर्षी मंठाळच्या शाळेत राजूबाई आल्या.

त्यांचे हात छातीवर पडले तेव्हाच कळलं की हे भाकरी थापणारे हात आहेत. सपाट, उबदार, भक्कम. त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. तेवढ्यात अक्कांनी सगळ्यांना विचारलं, माणूस बेशुद्ध पडला तर आधी काय देता? सगळे एका सुरात म्हणाले, पाणी. अक्का दर गावात हा प्रश्न विचारतात आणि दर गावात हेच उत्तर मिळतं. आपल्याकडे पडलेल्याला पाणी पाजल्याशिवाय कुणाला चैनच पडत नाही. मग अक्कांनी समजावलं की शुद्ध नसलेल्याला गिळता येत नाही, ते पाणी छातीत उतरतं, श्वास कोंडतो.

माझ्या छातीवरचे हात थांबले. मग ते उचलले गेले.

सगळे चहाला पांगल्यावर राजूबाई परत आल्या. माझ्याजवळ बसल्या. माझे मिटलेले डोळे बघूनच त्यांना बोलावंसं वाटलं असेल.

"आमचे मालक तुरीच्या राशीवर पडले," त्या म्हणाल्या. "मी पळत जाऊन पाणी पाजलं. तांब्याभर. मीच पाजलं."

त्यांचे मालक अंकुशराव जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण तोवर त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं रडणं माझ्या पोत्यात मुरत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मी पडलो होतो वाळूचा. पण दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

राजूबाईंनी विचारलं, "माझ्या पाण्यानं गेले का ओ, अक्का?"

अक्का आत येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"ते मला सांगता येत न्हाई, राजूबाई. आधीच गेले असतील, नसतील. खोटं कामून बोलू? पर पाणी घेऊन पळालेला हात वाईट नसतोय. त्याला दुसरं काम शिकवू."

राजूबाई दर रविवारी येऊ लागल्या. वर्ग कुठल्याही गावी असो, आमच्या कर्नाटकात बायकांना बस फुकट, त्या पहिल्या बसनं हजर. हात छातीवर ठेवायच्या, पण दाबायच्या नाहीत. अक्का घाई करत नसत. मी वाट बघायचो. सातव्या की आठव्या रविवारी त्यांनी दाबलं. टिक. मग पुन्हा टिक. त्या मोजत होत्या आणि रडतही होत्या, पण थांबल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात ज्ञानोबांच्या दुकानापुढच्या पत्र्याखाली वर्ग चालला होता. राजूबाई मला दाबत होत्या. तेवढ्यात रस्त्यापलीकडे धपकन आवाज झाला. कलिंगडं विकणारे शिवराज गाड्यापाशी कोसळले होते. माझ्या छातीवरचे हात निघून गेले. पावलं धावली. मग हाक आली, "अण्णा, ऐकू यायलंय का?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती मला नव्हती.

ज्ञानोबा गाडीसाठी एकशे आठला फोन लावू लागले. गर्दी जमली. श्वास न्हाई, असं कुणीतरी म्हणालं. बांगड्या वाजल्या, भांड्यात पाणी हिंदकळलं. एक बाई तांब्या घेऊन आली होती, पाजा म्हणत होती. त्या बांगड्या एकदम वाजायच्या थांबल्या. राजूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं.

"पाणी नको, माय. मी पाजलं होतं एकदा. तू नको पाजू."

मग त्या मोजू लागल्या. मी उन्हाच्या झळेत पत्र्याखाली पडून त्यांच्याबरोबर मोजत होतो. दमल्या की ज्ञानोबा दाबायचे, ज्ञानोबा दमले की पुन्हा त्या. तिकडे टिक वाजत नव्हतं, पण माझ्या स्प्रिंगला मात्र दर आकड्याला काहीतरी होत होतं. गाडी आली, शिवराजांना घेऊन बीदरला गेली. राजूबाई परत येऊन माझ्याशेजारी आडव्याच झाल्या. दोघंही पत्र्याकडे तोंड करून पडलो होतो.

आता मंडळाला रबरी बाहुला मिळाला आहे. बरोबर दाबलं की त्याच्यात दिवा लागतो म्हणे. माझी शिवण जागोजाग उसवली आहे. तरी वर्गाला मला नेतात, भिंतीला टेकवून बसवतात. पडून राहायची इतकी सवय, की बसल्यावर अजून गरगरतं.

उन्हाळ्यातल्या त्या दिवसानंतर महिन्याभरानं, ज्ञानोबांच्या दुकानात असाच बसलो असताना एक हात माझ्या छातीवर आला. तो दाबत नव्हता, चाचपत होता. कुठं दाबलं असेल आपल्याला, ते बघत असल्यासारखा. शिवराजांचा हात होता तो. त्यांनी मोठं कलिंगड आणलं होतं. उन्हातून चालत आलेले, घसा कोरडा पडलेला. त्यांनी थोडं पाणी मागितलं.

दुकानात कुणीच हललं नाही. मग राजूबाई उठल्या. माठातून तांब्या भरल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी तांब्या पुढे केला आणि मग मी आजवर न ऐकलेलं काहीतरी ऐकलं. एक घोट. दुसरा. तिसरा. शिवराज तांब्याभर पाणी प्यायले. राजूबाई शेवटच्या घोटापर्यंत उभ्या होत्या.

मित्रांनो, मी पोत्याचा आहे, मला कितीही वेळा मरता येतं. माणसाचं तसं नसतं. म्हणून एखादा रविवार काढून या, हात शिकवून ठेवा. माझा खांदा थोपटा, हाक मारा, लाजू नका. आणि पाणी जरूर द्या. फक्त माणूस उठून बसू द्या, मग तांब्या त्याच्या हातात द्या.