माझा एक गोल कोपरा

मित्रांनो, मी जेवणाचे एक जुने टेबल आहे. चार पाय, चार कोपरे, यात नवल ते काय? पण माझे तीन कोपरे टोकदार आहेत आणि एकच गोल आहे. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हळहळतो, "अरेरे, इथे मोडलेलं दिसतंय!" मोडलेले वगैरे काही नाही. तो कोपरा मुद्दाम तसा केलेला आहे, आणि त्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

टेबल होण्याआधी मी एक दार होतो. लोकांना वाट द्यायची, एवढेच माझे काम. पुढे ते घर पाडले आणि मी एका सुताराच्या हाती लागलो. हा सुतार महाबडबड्या. ऐकायला कुणी नसले तर रंधा मारता मारता माझ्याशीच बोलायचा. त्याची थोरली बहीण नुकतीच नव्या घरी राहायला गेली होती आणि तिच्यासाठी त्याला टेबल करायचे होते. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. नात्याने पाहिले तर मी तिचा भाचा लागतो, पण टेबलाला विचारतो कोण!

माप घ्यायला म्हणून तो तिच्याकडे गेला आणि सकाळभर नुसता बसून राहिला. जेवणाची खोली अरुंद. भिंतीला लागून कुणाचे तरी मागून आणलेले टेबल. हातात गरम पातेले घेऊन ताई स्वयंपाकघराच्या दारातून वळली, की त्या टेबलाचा कोपरा तिच्या कमरेत बसायचा. ती "आई गं" म्हणायची आणि पुढे जायची. सवयच झाली होती तिला.

शेवटी ताईचे यजमान वैतागले. "अहो, माप घ्यायला आलात की पाहुणचार झोडायला?"

"मापच घेतोय भाऊजी. ताई कुठून कशी वळते ते बघतोय," सुतार म्हणाला.

मग त्याने माझा तो एक कोपरा करवतीने उडवला, कानशीने घासला, काचकागदाने गुळगुळीत केला. डोळे मिटून त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. हात कुठेही अडेनासा झाला तेव्हाच त्याचे समाधान झाले. मला घरी आणल्यावर भाऊजींनी कपाळाला हात लावला. "तीन असे आणि एक तसा? लोक हसतील हो!"

"हसू द्या लोकांना," सुतार म्हणाला. "ताई रडायला नको."

मित्रांनो, त्यानंतरची माझी वर्षे फार सुखाची गेली. माझ्यावर पीठ मळले गेले, भाज्या निवडल्या गेल्या, रुसवेफुगवे झाले आणि मिटले. ताईच्या मुलाने माझ्यावर अभ्यास केला आणि कर्कटकाने एक भोकही पाडले. त्याबद्दल त्याला धपाटा मिळाला, मला तेलाचे बोट मिळाले. जाता-येता ताईची कंबर माझ्या गोल कोपऱ्याला घासून जायची. तिला ते कळायचेही नाही. चांगले काम असेच असते, ते कळत नाही.

काळ कुणासाठी थांबत नाही. भाऊजी गेले, सुतारही गेला. मुलाचे लग्न होऊन घरात सून आली, तीही गुणी. ताईची नजर मात्र अधू होत गेली. ती आता हाताने पाहू लागली. भिंत, खुर्ची, मग माझा गोल कोपरा, की आले स्वयंपाकघर. बाकीचा स्वयंपाक सुनेने हाती घेतला, पण सकाळचा पहिला चहा ताईच करायची. "तेवढं एक माझं राहू दे गं," ती म्हणायची.

मग घराला रंग काढायचे ठरले. रंगाऱ्यांनी मला उचलून बाहेर नेले. भिंती हसऱ्या पिवळ्या झाल्या, मी परत आत आलो, आणि माझ्यावर नवेकोरे मेणकापड पसरले गेले. सगळे खूश झाले. पण रंगाऱ्यांनी मला उलटे ठेवले होते! माझा गोल कोपरा पलीकडे भिंतीला चिकटला आणि एक टोकदार कोपरा स्वयंपाकघराच्या वाटेत आला. मेणकापडाखाली ते दिसणार कुणाला?

झाले! सुनेला लागले, मुलाला लागले. "मेलं हे टेबल!" असे मला रोज ऐकू येऊ लागले. चूक रंगाऱ्यांची आणि शिव्या मला, वड्याचे तेल वांग्यावर! मी बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नव्या रंगाचा वास सोसेना म्हणून ताई काही दिवस आपल्या खोलीतच होती. मग एके सकाळी ती चहाचा कप घेऊन आली. तिचा हात नेहमीचा गोल कोपरा शोधत होता. तो मिळाला नाही. कमरेत कोपरा बसला, कप पडला आणि ऊन चहा पायावर सांडला. पाय लालबुंद झाला. मुलगा घाबरून धावत आला.

"आई, बास झालं! आजपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. चहा तुला पलंगावर मिळेल."

"मग मला शोकेसमध्येच ठेवा," ताई म्हणाली. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मला विकून टाकायला मुलाने जुने फर्निचर घेणाऱ्याला येत्या रविवारी बोलावले. मला माझे वाईट वाटलेच. पण ताई दिवसभर गप्प बसून असायची, त्याचे मला जास्त वाईट वाटले.

शनिवारी दुपारी ती माझ्यापाशी मटार सोलत बसली होती. काही दाणे भिंतीच्या बाजूला घरंगळले. दाणा वाया घालवणारी ती नव्हे. मेणकापडाखाली हात घालून ती माझ्या कडेकडेने चाचपडू लागली. चाचपडता चाचपडता तिचा हात थांबला. मग त्याच जागेवरून सावकाश फिरला, पुन्हा फिरला.

"सूनबाई! अगं इकडे ये. टेबल कुणी फिरवलं?"

"कुणी नाही हो आई. रंगवाल्यांनी हलवलं होतं, पण परत जागच्या जागी ठेवलंय."

"जागच्या जागी ठेवलं, पण तोंड भिंतीकडे करून ठेवलं! कापड काढ ते."

सुनेने मेणकापड ओढले आणि पाहतच राहिली. सासू-सुनेने मिळून मला फिरवले. मग सून स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. एकदाही लागले नाही.

"अगंबाई! आणि मी इतके दिवस याला शिव्या घालतेय!" ती हसत सुटली. ताईही हसली. मित्रांनो, किती दिवसांनी!

रविवारी सकाळी मुलगा उठला तेव्हा ताई कप घेऊन दारातून येत होती. तो पुढे धावणार, तेवढ्यात सुनेने त्याचा दंड धरला. ताईचा रिकामा हात माझ्या कोपऱ्यावर टेकला, कंबर हलकेच वळली, आणि कप त्याच्यासमोर आला. बशीत थेंबही सांडला नव्हता. मुलाने तो घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, उद्यापण तूच कर."

एवढ्यात फर्निचरवाला दारात येऊन उभा राहिला. "काय न्यायचंय?"

"काही नाही," ताई म्हणाली. "आलाच आहात तर चहा घेऊन जा."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू खुपत असेल, एखादे जुने माणूस अडचण वाटत असेल. बाजूला काढण्याआधी एकदा नीट हात फिरवून पाहा. गोल कोपरा कदाचित भिंतीकडे गेला असेल.

आता पुरे करतो. सकाळ झाली आहे, ताईची पावले ऐकू येत आहेत. भिंत झाली, खुर्ची झाली. आता माझी पाळी.