ओली पिशवी

काड्या पडलेल्या होत्या. पाचांपैकी तीन आडव्या, एक तिरकी, आणि एक मात्र जसं काही घडलंच नाही अशी ताठ उभी. म्हणजे रात्री कुणीतरी आलं होतं. पक्ष्यांच्या मोजणीदारांनी टोपी मागे सरकवली, उतारावरच्या गवतात पोटावर आडवे झाले आणि एकशे बारा नंबरच्या बिळात खांद्यापर्यंत हात घातला.

आतून चोच बसली. ती बसायचीच. तीस वर्षांत असल्या चोचींनी त्यांच्या उजव्या हाताची बोटं अशी काही नक्षीदार केली होती की नवा माणूस हात मिळवताना दोनदा बघायचा. चोच चावतेय तर चावू दे म्हणत त्यांनी पक्ष्याचा एक पाय धरला. नंबरची कडी लागली. मग दुसरा पाय चाचपला. वर-खाली, पुन्हा वर. नुसताच पाय.

"काका, एकशे बाराला काय?" वरच्या पायवाटेवरून मॅडमनी विचारलं. त्यांच्या हातात वही होती.

"नर आहे."

"आणि मादी?"

"येईल की. कुठे पळून जातेय."

मॅडमनी वहीत खूण केली आणि त्या पुढच्या बिळाकडे वळल्या. मोजणीदार मात्र उठायचं सोडून तिथेच पडून राहिले. नर येऊन आज बावीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने बिळातली माती उकरून बाहेर काढली, गवत आत ओढून नेलं, बायको माहेरून यायची म्हणून घर आवरणाऱ्या नवऱ्यासारखं सगळं केलं. तिचा पत्ता नव्हता.

या पक्ष्यांचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे. बेटावर सगळे त्यांना बिळकरी म्हणत. काळी पाठ, पांढरं पोट, आणि जमिनीवर चालायचं म्हटलं की दारू प्यायल्यासारखी चाल. मार्चमध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाकडून यायचे, आपलंच जुनं बीळ शोधायचे, आपलाच जुना जोडीदार. मे महिन्यात एक अंडं. एकच. ते दोघांनी आलटून पालटून उबवायचं. एक आठवडाभर उपाशी बिळात, तर दुसरा समुद्रावर. मग पिल्लू, त्याला खाऊ घालून घालून आईबापांपेक्षा जाडजूड करायचं आणि सप्टेंबरात त्याला तसंच बिळात सोडून निघून जायचं. पिल्लू भुकेजतं, काही दिवस वाट बघतं, आणि कुणी न सांगता आपलं आपण त्याच वाटेने उडून जातं. मोजणीदारांनी हे तीस वेळा बघितलं होतं. ते स्वतःही पक्ष्यांबरोबर बेटावर यायचे, पक्षी गेले की घरी जायचे. शेजारीण त्यांच्या बायकोला विचारायची, "काय हो, तुमचा पक्षी आला का परत?"

पक्षी दिवसा बिळात नाहीतर समुद्रावर, ये-जा सगळी अंधारात. म्हणून मोजणीदारांनी संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडाशी पाच बारीक काड्या रोवायच्या आणि सकाळी बघायचं. पडल्या असतील तर कुणीतरी आत गेलं किंवा बाहेर आलं. मग हात घालायचा. शंभर वह्या अशा भरल्या होत्या. मोजणीदारांचा आकडा म्हणजे पुन्हा मोजायला नको, असं बेटावर म्हणत. ज्या मॅडमना त्यांनीच बिळात हात कसा घालायचा ते शिकवलं होतं, त्या आता सगळ्या कामाच्या मुख्य झाल्या होत्या, आणि त्याही असंच म्हणत.

त्यामुळेच मोजणीदारांचा जीव टांगणीला लागला होता.

गेल्या वर्षी जून महिन्यात बारा पक्ष्यांच्या दुसऱ्या, कडी नसलेल्या पायाला यंत्रं बसवली होती. शेंगदाण्याच्या पाकळीएवढं यंत्र. पक्षी वर्षभर कुठे कुठे गेला ते त्यात नोंदलं जायचं. त्याला एकच अट होती. पक्ष्याचं वजन तीनशे ऐंशी ग्रॅमच्या वर हवं. खाली असेल तर सोडून द्यायचा, कारण अशक्त पक्ष्याला तेवढं ओझंही लांबच्या प्रवासात जड जातं. वजन करायची रीत साधी होती. पक्षी कापडी पिशवीत घालायचा, पिशवी काट्याला टांगायची, आकडा बघायचा आणि त्यातून पिशवीचे बावीस ग्रॅम वजा करायचे.

एकशे बाराची मादी त्या दिवशी अकरा दिवस उपाशी बसली होती, कारण नराला परतायला उशीर झाला होता. मोजणीदारांनी तिला बाहेर काढलं तेव्हाच ती हाताला हलकी लागली. तिच्या छातीचं हाड अंगठ्याला टोचलं. पण काट्याने चारशे तेरा दाखवलं. वजा बावीस, तीनशे एक्याण्णव. हात सांगत होता एक आणि काटा दुसरंच. तीस वर्षांच्या हातापेक्षा काटा शहाणा, असं मनाशी म्हणून मोजणीदारांनी यंत्र बसवलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

हे धुकं त्यांना आठवलं ते चार महिन्यांनी, घरी. बायको पिशव्या धूत होती. दरवर्षी त्या तीच शिवायची. गेल्या खेपेला जुन्या पडद्याच्या जाड कापडाच्या केल्या होत्या.

"अहो, बघा हे," ती दांडीवर पिशवी टाकत म्हणाली, "पिळून पिळून मनगटं भरून आली, तरी मेली जड ती जडच. पाणी सोडायला तयार नाही."

मोजणीदार चहा पीत होते. कप तसाच ठेवून त्यांनी ट्रंकेतून काटा काढला. पिशवीतून ठिबकायचं थांबेपर्यंत तिच्यासमोर उभे राहिले आणि मग ती काट्याला अडकवली. एक्कावन्न ग्रॅम.

चारशे तेरातून एक्कावन्न गेले. तीनशे बासष्ट.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. काटा बरोबर आहे का बघत होतो."

सगळा हिवाळा त्यांनी हा आकडा कुणाला न सांगता सांभाळला. ती उडाली असेल, वाटेत दमली असेल, लाटांवर बसली असेल आणि उठलीच नसेल, हे चित्र भात कालवतानासुद्धा डोळ्यांपुढे यायचं. मग ते स्वतःशीच वाद घालायचे. यंत्र बसवल्यावरही ती सप्टेंबरपर्यंत पिल्लाला भरवत होती की नाही? होती. पिल्लू उडालं की नाही? उडालं. मग? आणि शेवटी त्यांनी एक सौदा केला, देवाशी की समुद्राशी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ती मार्चमध्ये परत आली तर कुणाला काही सांगायची गरज नाही. यंत्र काढून घेऊ, ओल्या पिशवीचं पुढे सांभाळू, आणि नोकरीचा हा शेवटचा हंगाम संपवून नाव राखून घरी जाऊ. आली नाही तर मात्र सांगावं लागेल.

बेटावर आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली तर वरच पिशव्यांचा नवा गठ्ठा. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या, सहा. पाणी धरूच शकणार नाहीत अशा. बायकोने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मोजणीदार गठ्ठा हातात घेऊन खाटेवर बसले. तिने काय काय ओळखलंय याचा अंदाज घेत तिथेच राहिले.

आता बारांपैकी अकरा यंत्रं परत आली होती. मॅडम खुशीत होत्या.

"यंदा चाळीस बसवायची, काका," जेवताना त्यांनी सांगितलं. "आणि वजनाची अट तीनशे साठवर आणू या म्हणतेय. गेल्या वर्षीचे आकडे बघा ना. अट पाळली तर काही होत नाही हे दिसतंच आहे. तुमचेच आकडे आहेत."

मोजणीदारांनी हातातला घास पानात परत ठेवला. "अट खाली कशाला?"

"म्हणजे हलके पक्षीही घेता येतील. एकशे बारा आली की बाराच्या बारा झाले. मग कुणी हरकतच घेणार नाही."

"आणि नाही आली तर?"

"दहात एक तर असाही येत नाही, काका. समुद्र आहे. तुम्हीच मला शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. सुटकेचं दार असं उघडं होतं, आणि ते त्यांनीच कधीतरी बांधलं होतं. मोजणीदारांनी पानावरून लवकर उठून हात धुतला.

दुपारी ते दीपगृहाच्या कट्ट्यावर चढले. फोनला रेंज तिथेच यायची.

"आली का?" बायकोने विचारलं. बरे आहात का, जेवलात का, काही नाही. आधी हेच.

"कोण?"

"आता मला वेड पांघरून दाखवू नका. हिवाळाभर झोपेत बासष्ट बासष्ट करत होतात."

खाली खडकावर लाट फुटत होती, तिचा आवाज फोनमधून तिलाही जात असणार.

"नाही आली," ते म्हणाले.

"ते पडद्याचं कापड मीच घेतलं. मला वाटलं, टिकेल."

"कापडाचा काय दोष? अगं, मला हाताला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं." हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "कळूनही मी काट्याचं ऐकलं."

ती म्हणाली, "अजून चार दिवस बघा."

चार दिवस बघितले. काड्या रोज संध्याकाळी रोवल्या. रोज सकाळी एकशे बाराकडे जाताना पावलं आपोआप भराभर पडायची आणि बीळ दिसू लागलं की हळू व्हायची. पहिल्या दिवशी काड्या पडलेल्या, पण बीळ रिकामं; दुसऱ्या दिवशी उभ्या, बीळ रिकामंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा पडलेल्या, आत एकटा नर.

चौथ्या दिवशी पाचही काड्या भुईसपाट झाल्या होत्या, आणि बिळातून आवाज येत होता. जोडी एकत्र आली की काढतात तो, घोगरा, घुसमटल्यासारखा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. मोजणीदारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम!" त्यांनी हाक मारली. "दोन आहेत आत! दोन!"

मॅडम धावत खाली आल्या. मोजणीदार आडवे झाले. हात आत गेला, चोच बसली, एक पाय. कडी. दुसरा पाय नुसता. हा नर. त्याच्या पलीकडे बोटं सरकवली. गरम पिसं. एक पाय.

काही नव्हतं.

घाईत चुकलं असेल म्हणून दुसरा पाय धरला. त्यावरही काही नव्हतं. ना कडी, ना यंत्र. कधी कुणाच्या हाताला न लागलेली, कोरी, नवी मादी. नराने वाट बघायची तेवढी बघितली होती.

"काका?"

मोजणीदारांनी हात बाहेर काढला आणि तसेच गवतावर उठून बसले. टोपी कुठेतरी पडली होती.

"मॅडम, वही उघडा. गेल्या वर्षीचं पान काढा."

"का? काय झालं?"

"एकशे बाराचं वजन चुकलंय. तीनशे एक्याण्णव लिहिलंय, ते तीनशे बासष्ट आहे. पिशवी धुक्याने भिजली होती. मी कोरडीचं वजन वजा केलं. त्या सकाळी आणखी तिघांना बसवली, त्यांचेही आकडे चूक आहेत. ती तिघं वाचली." ते थांबले. "अट खाली आणू नका. माझ्या आकड्यांवर तर आणूच नका."

मॅडमनी पान काढलं. वारा वहीची पानं फडफडवत होता.

"कधी कळलं तुम्हाला?"

"ऑक्टोबरात."

"आणि आज सांगताय?"

"हो."

मॅडमचा चेहरा उतरला होता. रागावल्या होत्या की वाईट वाटलं होतं, मोजणीदारांना कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. मग त्या म्हणाल्या, "त्यानेच गेली असं तरी कुठे ठरवता येतंय, काका?"

"नाही ठरवता येत. तेच तर."

त्यांनी पेन मागितलं. गुडघ्यावर वही ठेवून जुन्या आकड्यावर एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी तीनशे बासष्ट लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पिशवी ओली होती. चूक मोजणी करणाऱ्याची.’ त्याखाली सही केली, आणि तारीख आजची घातली.

मॅडमनी वही घेतली, शेरा वाचला, मिटली. मग खिशातून एक नवी कडी काढून त्यांच्यापुढे धरली.

"नवीला घालायची आहे."

"तुम्ही घाला. माझा हात आज..."

"तुम्हीच घाला, काका."

मोजणीदारांनी मच्छरदाणीची पिशवी काढली. आधी ती रिकामीच काट्याला टांगली आणि आकडा मॅडमना दाखवला. मग नव्या मादीला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. ती भरलेली, जड होती, समुद्रावरून ताजी ताजी आलेली.

"किती असेल?" मॅडमनी हळूच विचारलं.

"चारशे तीसच्या आसपास."

काट्याने पिशवी वजा जाता चारशे अठ्ठावीस दाखवलं. मॅडमनी आकडा वहीत लिहिला. कडी घालून त्यांनी मादीला बिळाच्या तोंडाशी ठेवलं. ती अडखळत, लडखडत आत गेली, आणि पुन्हा तो घोगरा आवाज सुरू झाला.

दुपारी ते दीपगृहाच्या कट्ट्यावर चढले.

"नाही आली," त्यांनी सांगितलं. "दुसरी आली."

"सांगितलंत?"

"सांगितलं. वहीत लिहिलं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बायको म्हणाली, "सकाळपासून काही पोटात नसेल तुमच्या. जा, जेवून घ्या."

संध्याकाळी मोजणीदार काड्यांची जुडी घेऊन उतारावर निघाले. एकशे बारासमोर गुडघे टेकून त्यांनी पाच काड्या एकेक करून रोवल्या, आणि पुढच्या बिळाकडे गेले.