साराची जागा

मॉरीनच्या दारात गुडघ्यांवर बसून मधुमती नातीच्या कोटाची चेन लावत होती. तेवढ्यात ईशानीने तिचा हात धरून थांबवला आणि भिंतीवरच्या खुंट्यांकडे बोट दाखवलं.

"साराचा पण कोट."

खुंट्यांवर मॉरीनचा रेनकोट होता आणि एक छत्री. बाकीची मुलं केव्हाच घरी गेली होती. मधुमतीने हसून विचारलं, ही सारा कोण? मॉरीन तोवर स्वयंपाकघराकडे वळली होती. या वयात मुलांना कुणी ना कुणी मैत्रीण असतेच, असं ती पाठमोरीच म्हणाली आणि तिने नळ सोडला.

मधुमती कितीतरी वर्षं कॉव्हेंट्रीत घरी मुलं सांभाळत आली होती. सगळ्या वस्तीला ती चाइल्डमाइंडर म्हणूनच माहीत. मुलगा परीक्षित आणि सून वैभवी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. ईशानी झाली तेव्हा ती आजीकडेच वाढणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण सरकार मुलांच्या सांभाळाच्या तासांचे पैसे भरत होतं, त्यात एक मेख होती. सांभाळणारीचं मुलाशी नातं असेल तर छदाम मिळत नसे. जगाची मुलं चालतील, स्वतःची नात नाही. तिला तसंच, बिनपैशांनी ठेवून घ्यावं, तर एका वेळी ठराविकच लहान मुलं ठेवायची परवानगी. त्यातली एक जागा कायमची गेली असती. नवरा, कमलाकर, गेल्यापासून मधुमतीचं घर त्या जागांवरच उभं होतं. कोपऱ्यावरची नर्सरी बंद पडली होती, कारण सरकारी दर परवडत नव्हता आणि त्या दराच्या वर पालकांकडून सक्तीने काही घ्यायला बंदी होती, अगदी जेवणाचेसुद्धा. उरलेल्या नर्सऱ्यांत नाव घालून वाट बघायची.

लायब्ररीतल्या प्लेग्रुपला मॉरीन भेटली. तीही चाइल्डमाइंडर, तिचाही नातू, फिन, असाच अडलेला. 'तू माझा घे, मी तुझी घेते,' मॉरीन म्हणाली होती. कौन्सिलच्या बाईंनी नियम चाळून हरकत नाही असं सांगितलं. मग फिन मधुमतीच्या घरी वरणभात ओरपायला शिकला, ईशानी मॉरीनकडे जाऊ लागली, आणि वैभवी कामावर रुजू झाली. सगळं कसं मार्गी लागलं होतं.

संध्याकाळी आपल्याकडची मुलं गेली की मधुमती ईशानीला घरी आणायची, मग वैभवी येऊन घेऊन जायची. त्या मधल्या वेळात तिला सारा दिसू लागली. म्हणजे दिसत काहीच नव्हतं. ईशानी जिना उतरताना एक हात मागे धरायची आणि प्रत्येक पायरीवर थांबायची. सोफ्यावर बसताना कडेला सरकून बसायची. हात धुताना नळ बारीक करायला लावायची, साराला पाणी आवडत नाही म्हणून.

मधुमतीने मुलांच्या अशा मनातल्या मैत्रिणी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या द्वाड असतात. भिंतीवर रेघोट्या त्यांनीच मारलेल्या असतात, शेवटचं बिस्किट त्यांनीच खाल्लेलं असतं. ही सारा काहीच करायची नाही. ती नुसती असायची. मधुमती स्वयंपाकघरातून बाहेर आली की आधी सोफ्याच्या त्या मोकळ्या कडेकडे बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

एका संध्याकाळी फिनची आई, मॉरीनची मुलगी लुईज, त्याला घ्यायला आली. त्याचे बूट घालून देता देता मधुमतीने सहज विचारलं, तुझ्या आईकडे सारा नावाची मुलगी येते का गं?

लुईजचा हात फिनच्या टोपीवरच राहिला.

"सारा माझी धाकटी बहीण होती," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

मधुमती फिनच्या बुटाचा बंद बांधत राहिली. लुईज हळू आवाजात सांगत राहिली. मागच्या बागेत तेव्हा छोटं तळं होतं. सारा तीन वर्षांचीही नव्हती. नंतर बाबांनी तळं बुजवून वर फरश्या घातल्या. आईने पुन्हा कधी ते नाव काढलं नाही, घरात एक फोटोही ठेवला नाही.

रात्रभर मधुमतीच्या डोळ्यांसमोरून त्या फरश्या हलेनात. ईशानी रोज त्यांच्यावर तीनचाकी सायकल चालवायची. सकाळी तिने वैभवीला फोन लावला, पलीकडून "बोला ना आई" असं आलं, आणि तिने भलतंच काहीतरी विचारून फोन ठेवला. काय सांगणार होती? ईशानीला तिथून काढलं की फिनही जाणार आणि वैभवीची नोकरीही.

त्या दिवशी तिच्याकडची मुलं लवकर गेली. ती नेहमीच्या आधीच निघाली. वाटेत तिने वाक्यं जुळवली: मॉरीन, राग मानू नकोस, पण उद्यापासून नाही जमणार.

मॉरीनच्या खिडकीशी तिचे पाय थांबले. आत जमिनीवर खेळण्यातले कप मांडलेले होते. मॉरीन मांडी घालून बसली होती, दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता. तिने ईशानीला काहीतरी विचारलं. ईशानीने बाजूला मान वळवून ऐकून घेतल्यासारखं केलं आणि मग उत्तर दिलं. मॉरीन मान डोलवत राहिली.

तिने बेल वाजवली. दार उघडून मॉरीनने मधुमतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दाराची कड धरली.

"लुईज बोलली तर."

"तू ईशानीला सांगितलंस?"

"या घरात ते नाव मी इतक्या वर्षांत घेतलेलं नाही, मधू. तुझ्या नातीने घेतलं. सूप ढवळत होते मी. आता तू तिला नेणार. मीही नेलंच असतं."

जुळवलेली वाक्यं मधुमतीच्या ओठांपर्यंत आली होती. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"काय म्हणते सारा?"

मॉरीनने दाराची कड सोडली.

"आता थंडी वाजत नाही म्हणते."

मधुमतीने आत जाऊन नातीला उचललं. तिला कोट घातला. आणि ती निघाली.

संध्याकाळी वैभवी न्यायला आली ती घाईतच. शनिवारी वाढदिवस आणि अजून काहीच ठरलं नाही, असं म्हणत तिने ईशानीला मांडीवर घेतलं आणि कुणाकुणाला बोलवायचं ते विचारलं. ईशानीने आधी फिनचं नाव घेतलं. मग साराचं.

"आई, ही सारा मॉरीनकडेच असते का?"

मधुमती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बारीक केला.

"हो."

"हिच्याएवढीच आहे?"

"जवळजवळ. शांत आहे फार."

"मग बोलवू या की. तिच्या आईचा नंबर असेल तुमच्याकडे?"

"मी सांगते तिच्या आईला," मधुमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक भुरभुर होती. मॉरीनने दार उघडलं तेव्हा ती रात्रभर झोपली नसावी असं वाटत होतं. ईशानीला पाहून ती एकदम बाजूला झाली. ईशानी आजीचा हात सोडून आत पळाली.

मधुमती पायरीवरच उभी राहिली.

"शनिवारी ईशानीचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "तिने फिनला बोलावलंय. आणि साराला."

मॉरीनने मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून ईशानीच्या बोलण्याचा आवाज येत होता, मधे मधे थांबणारा.

"किती वाजता येऊ आम्ही?" तिने विचारलं.